गॅरेजमधून आली अन् गिअर अडू लागला: बॉक्स खोलू देण्याआधी काय तपासायचं

पत्री ठोकून आणलेला बैल दुसऱ्या दिवशी लंगडू लागला, तर शेतकरी आधी त्याचा खूर उचलून पाहतो. खिळा तिरपा गेला का, पत्री कुठं टोचते का. खांद्याला तो हात लावत नाही, कारण काल काम झालं ते खुराचं. गाडीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. क्लच टाकून गाडी घरी येते, रिव्हर्सला खर्रकन आवाज होतो, कोणीतरी "गिअरबॉक्स बसला" म्हणतं आणि आपण मान डोलावतो.

माझंही तेच होणार होतं. दारव्हा तालुक्यात माझं गाव, गाडी ऑल्टो के-१०. कापूस वेचणीच्या ऐन घाईत क्लच प्लेट टाकून आणली. गॅरेजमधून निघालो तो सरळ पुढंच, त्यामुळं वाटेत काही जाणवलं नाही. घरापाशी गाडी मागं घ्यायला गेलो तर रिव्हर्स पडेचना. दांडा उजवीकडं पुरता जातच नव्हता, पाचवाही सापडत नव्हता. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मात्र काही तक्रार नाही. फोन केला तर मिस्त्री म्हणाला, "म्या तं निस्ता क्लच टाकला भाऊ, गिअरले हातबी नाई लावला. बॉक्सच खोला लागंल." खर्चाचा आकडा ऐकला, फोन ठेवला आणि बोनेट उघडलं. तासाभरानं सापडली ती यू आकाराची एक पत्र्याची क्लिप. गिअरच्या केबलला तिच्या जागी धरून ठेवणारी ती क्लिप खाचेत बसलीच नव्हती.

तेव्हापासून भाऊबंदांच्या, शेजाऱ्यांच्या गाड्यांत डोकं घालायची सवय लागली. मी मिस्त्री नाही. पण तालुक्याच्या गॅरेजला गाडी ओढत न्यायची म्हणजे अर्धा दिवस आणि ट्रॅक्टरवाल्याची मिनतवारी, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना खालची तपासणी उपयोगी पडेल.

काय बदललं ते नको, काय सोडलं ते विचारा

आमच्याकडं बिल बहुधा नसतंच. म्हणून मिस्त्रीला फोन करून शांतपणे विचारा की कामासाठी काय काय सोडावं लागलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाडीत क्लच प्लेट बदलायची तर बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, गिअरच्या केबली, क्लच वायर, स्टार्टर, अर्थिंगची पट्टी, दोन्ही एक्सल, रिव्हर्स लाइटचं सॉकेट आणि एखाद-दुसरं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, एवढं सगळं निघतं. प्लेट एकच बदलली, पण पाना पंधरा ठिकाणी लागला. "गिअरले हात नाई लावला" म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी गिअर म्हणजे बॉक्सच्या आतले दाते. बाहेरच्या केबली त्याच्या हिशोबात येतच नाहीत.

काम क्लचचं नसेल तरी हाच हिशोब लावा. नुसती बॅटरी किंवा एअर फिल्टर बदलला असेल, तर बऱ्याच गाड्यांत गिअरच्या केबली त्याच्याच खालून जातात. डबा परत बसवताना त्यावर दाब येतो. एक्सलचं रबरी बूट बदललं असेल तर एक्सल ओढताना बॉक्समधलं तेल सांडतं, आणि ते परत भरायचं राहून जातं. फाउंडेशन बदललं असेल तर इंजिनाचा कल बदलतो. ट्यूनिंग केलं असेल तर आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरतं तो वेग) चढलेलं असू शकतं.

मग त्रासाचं नेमकं वर्णन स्वतःच लिहून काढा. त्रास एकाच गिअरला आहे की सगळ्यांना? उभ्या गाडीत की चालत्या? सकाळी थंड असताना की दहा किलोमीटर गेल्यावर? आवाज येतो, दांडा अडतो, की पडलेला गिअर सुटून येतो? "गिअर नीट पडत नाही" एवढ्यावर कोणालाच निदान करता येत नाही.

आधी फुकटातलं

पायाखालची चटई पाहा. हसू नका. सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीत जाड रबरी चटई पुढं सरकलेली असते, किंवा जुन्या चटईवर नवी टाकलेली असते. पेडल दोन सेंटिमीटर जरी आधी टेकलं, तरी क्लच पुरता कट होत नाही, म्हणजे इंजिन गिअरपासून पुरतं सुटत नाही, आणि रिव्हर्स ओरडतो. चटई काढा, हातानं पेडल तळापर्यंत दाबून पाहा, मग गिअर टाका. ओळखीतल्या एका बोलेरो पिकअपचा आजार इथंच संपला होता.

गिअरच्या दांड्याभोवतीचं रेक्झिनचं आवरण किंवा नवा बसवलेला आर्मरेस्ट दांड्याला अडतो का, तेही पाहा. तिसरी गोष्ट आयडलची. इंजिन गरम झाल्यावरही गाडी उभ्याउभ्या नेहमीपेक्षा जोरात घुमत असेल, तर रिव्हर्सला खरखर होणारच. तिथं आधी आयडल ठीक करून घ्या, गिअरच्या मागं नंतर लागा.

इंजिन बंद ठेवून तपासणी

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. याला ना पाना लागतो ना पैसा.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. इंजिन बंद. क्लच दाबून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर एकेक करून टाका आणि काढा. उभ्या गाडीत कधीकधी दात्यासमोर दाता येतो आणि गिअर अडतो. तेव्हा पेडल सोडून पुन्हा दाबा, किंवा हँडब्रेक सोडून, ठोकळे काढून गाडी बोटभर ढकला आणि दोन्ही परत लावा. एवढ्यानं पडला तर ती अडचण धरू नका. आता न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हेच पुन्हा करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा बोलतात, तर क्लच पूर्ण कट होत नाही. गिअरबॉक्स निर्दोष असण्याची शक्यता फार मोठी. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर क्लचला दोष देऊ नका. केबल, लिंकेज (दांड्यापासून बॉक्सपर्यंतचे जोड), तेल किंवा बॉक्स यांतलं काहीतरी आहे. आणि उभ्या गाडीत दोन्ही वेळा ठीक, पण चालत्या गाडीत एकच ठरावीक गिअर खरखरतो, तर संशय सिंक्रो रिंगवर (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारी पितळी रिंग) किंवा तेलावर जातो.

यातल्या तिसऱ्या प्रकाराबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. सिंक्रो एका रात्रीत झिजत नाही. दुरुस्तीत बॉक्स उघडलाच नव्हता आणि काल ठीक असलेला तिसरा गिअर आज खरखरतो, तर आधी तेल पाहा.

क्लच कट होत नाही तेव्हा

खात्री अशी करा. इंजिन आयडलवर, दांडा न्यूट्रलमध्ये. पेडल तळापर्यंत दाबून मनातल्या मनात दहा अंक मोजा, मग हळूच रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळं आतला शाफ्ट आपोआप थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबावंच लागतं. थांबल्यावर गिअर मुकाट्यानं पडला, तर क्लच ठीक आहे. घाई आपली आहे. दहा अंकांनंतरही ओरडला, तर क्लच चिकटून फिरवतो आहे. आणखी एक खूण म्हणजे सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबलेलं असताना गाडी स्वतःहून पुढं सरकू पाहते.

नवी प्लेट टाकल्यावर पेडल जुन्यापेक्षा वेगळ्या जागी पकडतं, हे मात्र नेहमीचंच आहे. जुन्या झिजलेल्या प्लेटची पायाला सवय झालेली असते. पहिले काहीशे किलोमीटर ती प्लेट बसायला घेते, तेवढ्यावरून भांडायला जाऊ नका.

आता क्लच वायरवर चालणाऱ्या गाड्या. मारुती ८००, ऑल्टो आणि तशाच लहान गाड्यांत पेडलपासून बॉक्सवरच्या आर्मपर्यंत वायर जाते आणि आर्मच्या टोकाला ॲडजस्टिंग नट असतो. पेडल हातानं हलकेच दाबा. जोर लागायच्या आधी ते जितकं सैल जातं, ती फ्री प्ले. लहान गाड्यांत ती साधारण १५ ते २५ मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात पाहा आणि मोजायला पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. फ्री प्ले फार जास्त असेल तर क्लच पुरता कट होत नाही. नट थोडा कसा, म्हणजे ती कमी होईल. कसण्याआधी नटावर आणि आट्यांवर नेलपॉलिशची एक रेघ ओढा, म्हणजे मूळ जागी परत येता येतं. एका वेळी एक फेरा, मग तपासणी. गिअर सोपा पडतो म्हणून नट कसतच गेलात आणि फ्री प्ले उरलीच नाही, तर क्लच घसरायला लागेल आणि नवी प्लेट जळेल. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा क्लच टाकणाऱ्यांतले कितीतरी जण इथंच फसलेले असतात.

फ्री प्ले बरोबर असूनही क्लच कटत नसेल, तर इंजिन बंद ठेवून एकाला पेडल दाबायला बसवा आणि दुसऱ्यानं बॉक्सवरचा आर्म पाहावा. पेडल पूर्ण दाबल्यावर आर्म किती सरकतो, अडखळतो का, वायरचं वरचं कवच ब्रॅकेटमधून बाहेर ढकललं जातं का. कवच हलत असेल तर पायाचा अर्धा जोर तिथंच वाया जातो. वायर चुकीच्या वाटेनं नेली असेल, कुठं घट्ट वळली असेल, तर पेडलही जड लागतं.

बोलेरो, सुमोसारख्या बऱ्याच मोठ्या गाड्यांत वायरच्या जागी तेलाचा दाब काम करतो. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, बॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर. इथली चाचणी सोपी आहे. पेडल भराभर पाच-सहा वेळा मारा आणि लगेच गिअर टाका. आता सोपा पडला तर आत हवा आहे, किंवा वॉशर गळतो आहे. दुरुस्तीत पाइप सोडला असेल तर हवा काढायची राहिली असं समजा. डब्यातलं फ्लुइड पाहा. ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असेल, तर बऱ्याच गाड्यांत क्लचची नळी वरच्या बाजूला असते आणि पातळी उतरली की पहिला क्लच जातो.

हवा काढायला दोन माणसं, पारदर्शक नळी आणि एक बाटली पुरे. नळीचं एक टोक स्लेव्हच्या निपलला लावा, दुसरं बाटलीतल्या थोड्या फ्लुइडमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो. खालचा निपल पाव-अर्धा फेरा उघडतो, बुडबुडे निघतात, निपल बंद. मग "सोड" म्हणायचं; निपल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं तर तीच हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा आणि मधून मधून डबा भरत राहा. बाटलीत निघालेलं फ्लुइड परत वापरू नका. डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद छोट्या बाटलीतलंच घ्या, कारण उघड्या बाटलीतलं फ्लुइड हवेतली ओल शोषतं. इंजिन ऑइलचा एक थेंबही नको. त्यानं आतले रबरी वॉशर फुगतात. फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उचलतो, म्हणून पाण्याचा डबा हाताशी ठेवा.

एवढं करून आर्म पुरेसा सरकतो, फ्री प्ले बरोबर आहे, हवा नाही, आणि तरीही क्लच कटत नाही. मग दोष बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि बॉक्स यांच्यामधल्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आत आहे आणि बॉक्स उतरवावा लागेल. इथं दोन शब्दांतला फरक धरून ठेवा: बॉक्स *उतरवणं* वेगळं, बॉक्स *खोलणं* वेगळं. क्लच पाहायला बॉक्स फक्त उतरवायचा असतो, त्याचे दाते बाहेर काढायचे नसतात. खोलायचे पैसे याच टप्प्यावर गुपचूप बिलात शिरतात.

आत काय चुकलेलं असू शकतं? प्लेट उलटी बसते. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या जड चाकाकडची) बाजू लिहिलेली असते आणि स्प्रिंगांचा फुगीर भाग प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटकडं राहतो. बॉक्स चढवताना जॅक न लावता त्याचा सगळा भार शाफ्टवरून प्लेटवर लटकत ठेवला, तर प्लेट वाकते. मातीच्या अंगणात एकट्या माणसानं बॉक्स चढवला असेल तर हा संशय जास्त धरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूनं कसत नेले तर ती तिरपी बसते. क्लच दाबणारा आतला फोर्क त्याच्या टेकूवरून सुटलेला असतो. स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीस अजिबात नसतं, किंवा इतकं थापलेलं असतं की उडून प्लेटवर येतं; मग पहिल्या गिअरला गाडी थरथरत उचलते. इंजिन आणि बॉक्स यांना एका रेषेत धरणाऱ्या डॉवेल पिना हरवलेल्या असू शकतात.

पावसाळ्यातला एक प्रकार वेगळाच. नाल्याच्या पाण्यातून आलेली गाडी गॅरेजमध्ये तीन आठवडे उभी राहिली, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू असताना कोणताच पडत नाही, आणि आर्म मात्र पूर्ण सरकत असतो. अशा वेळी क्लच नवा आहे की जुना, यानं काही फरक पडत नाही.

दांडा एका बाजूला जातच नाही

इंजिन बंद असतानाही अडतं, तर बॉक्सच्या वर या. केबलच्या गाड्यांत दोन केबली असतात. एक दांड्याची डावी-उजवी हालचाल नेते, दुसरी पुढची-मागची. त्यामुळं लक्षणच पत्ता सांगतं. पहिला-दुसरा किंवा पाचवा-रिव्हर्स ही अख्खी ओळच सापडत नाही, तर डाव्या-उजव्या केबलवर संशय. ओळ सापडते पण गिअर अर्धवट बसतो किंवा सुटून येतो, तर पुढच्या-मागच्या केबलवर.

एकाला आत बसवून दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही बॉक्सवर नजर ठेवा. केबलच्या टोकाची पिन आहे का? टोकातली प्लास्टिकची बुश फुटली का? केबलचं कवच ब्रॅकेटमध्ये यू-क्लिपनं घट्ट आहे का, की दांड्याबरोबर तेच मागंपुढं नाचतं? माझ्या गाडीत ते बोटभर नाचत होतं. पेचकसच्या मुठीनं क्लिप खाली ठोकली, टक् आवाज झाला आणि रिव्हर्स पडला.

इथं काही दिसलं नाही तर दोन्ही केबलींची टोकं बॉक्सवरून काढा आणि तिथले लिव्हर हातानं हलवा. इंजिन बंद आणि चाकांना ठोकळे हवेतच. लिव्हर हातानं टकटक सगळ्या जागी बसत असतील तर बॉक्स निर्दोष. केबल, तिची लांबी किंवा खालचा दांडा पाहा. लिव्हरच जाम असेल तर मात्र दोष आतला. ही एक चाचणी मिस्त्रीसमोर करून दाखवली की पुढची चर्चा फार छोटी होते.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत केबलऐवजी खालून लोखंडी रॉड जातो. त्याच्या जोडांवर आमची काळी माती थापली जाते, वाळली की सिमेंट होते. बॉक्स उतरवताना तो रॉड सोडलेला असतो. परत बसवताना मातीसकट बसवतात, बुश उलटी लागते, नाहीतर बोल्ट ढिला राहतो. पाण्यानं धुऊन, वाळवून मग तपासा. खाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीच नाही. जाड लाकडी ओंडके किंवा स्टँड हवेत. विटा भाराखाली अचानक फुटतात.

जुन्या जीप-बोलेरोसारख्या गाड्यांत दांडा वरून थेट बॉक्समध्ये उतरतो. तिथं दांड्याच्या तळाची वाटी, स्प्रिंग किंवा बुश परत बसवायची राहिली, तर दांडा खिचडीतल्या पळीसारखा फिरतो.

अर्थिंगची पट्टी

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून थोडं थांबतो. गावातल्या एका गाडीला इंजिनकाम झाल्यावर आठ दिवसांत दोन क्लच वायरी गेल्या. दोन्ही आतून वितळलेल्या. दुकानदार म्हणे माल डुप्लिकेट. माल ठीक होता.

इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं असतं. स्टार्टर मारला की शंभर अँपिअरच्या पुढचा करंट इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जायला हवा, आणि त्यासाठी इंजिन ते बॉडी अशी जाड विणलेली पट्टी असते. ती लावायची राहिली किंवा रंगलेल्या, गंजलेल्या जागी लावली, की करंट मिळेल त्या धातूनं वाट काढतो. क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, गिअरची केबल. ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि मग क्लच जड होतो, गिअर अडतो. आपण वायरी बदलत बसतो.

लक्षण हे की स्टार्टर दुरुस्तीनंतर सुस्त फिरतो आणि सेल्फ मारल्यावर वायर हाताला कोमट लागते. खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनावरच्या स्वच्छ बोल्टला लावा. आता स्टार्टर जोरात फिरला तर आजार सापडला. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारत असताना इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत अर्ध्या व्होल्टच्या आतच फरक दिसायला हवा.

तेल

"९० नंबर टाकलं" हे उत्तर पुरेसं नाही. जुन्या जाड गिअर ऑइलवर वाढलेल्या मिस्त्रीच्या हाताशी जो कॅन असतो तो सगळ्यात जातो, कधी ट्रॅक्टरसाठी आणलेलासुद्धा. आजच्या लहान गाड्यांच्या बॉक्सना बहुधा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० सारखं पातळ तेल लागतं. जाड भरलं तर डिसेंबरच्या थंड सकाळी पहिला-दुसरा ढकलावा लागतो आणि गाडी तापली की सगळं सुरळीत होतं. मे महिन्यात केलेल्या चुकीचा पत्ता त्यामुळं कधीकधी दिवाळीनंतर लागतो. दुसरी चूक जीएल-४ दर्जाच्या तेलाच्या जागी जीएल-५ ची. ते डिफरन्शियलसाठी चांगलं, पण पितळी सिंक्रो रिंगला थोडं घर्षण लागतं; फार निसरड्या तेलात तिला पकड मिळत नाही आणि चालत्या गाडीत गिअर खरखरतो. काही जीएल-५ तेलांतले गंधकयुक्त घटक पितळ खाऊही शकतात. पुस्तकात जो आकडा आहे तोच भरा.

पातळी पाहताना गाडी सपाट हवी. आधी वरचा भरायचा बोल्ट सोडून पाहा, तो सुटतो याची खात्री झाल्यावरच खालचा ड्रेन बोल्ट सोडा. उलटं केलं आणि वरचा जाम निघाला, तर तेल जमिनीवर आणि गाडी अंगणात, दोन्ही तिथंच. बहुतेक गाड्यांत वरच्या भोकाच्या ओठापर्यंत तेल असणं म्हणजे पातळी बरोबर. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट चालते. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोची रिंग झिजते आहे. नखानं उचलता येईल असा लोखंडाचा तुकडा निघाला तर मात्र गाडी हलवू नका. तो दात्याचा तुकडा असू शकतो.

सिंक्रोची आणखी एक परीक्षा रस्त्यावर होते. आमच्याकडं मी शकुंतला रेल्वेच्या बंद रुळांशेजारचा मोकळा रस्ता धरतो. खाली गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडून ॲक्सिलरेटर जरा द्या, पुन्हा क्लच दाबून गिअर टाका. अशा दुहेरी क्लचनं खरखर नाहीशी झाली आणि साध्या पद्धतीनं परत आली, तर सिंक्रोच. आता बॉक्स खोलायला हरकत नाही.

बाकीचं थोडक्यात

ॲक्सिलरेटर सोडताच किंवा दाबताच गिअर सुटून येत असेल, तर फाउंडेशन पाहा. बोनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक धरून कोणीतरी क्लच किंचित सोडावा. इंजिन मूठभर डोलत असेल तर ते दांड्यालाही ओढतं. या वेळी गाडीपुढं कोणी उभं राहू नये.

आवाज क्लच दाबल्यावर येतो तर क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर येतो आणि दाबल्यावर जातो, तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

बॉक्स नीट पण रिव्हर्स लाइट लागत नाही किंवा स्पीडोमीटर शून्यावर, तर सॉकेट लावायचं राहिलं आहे. हे त्रासाचं नाही, पण जिथं एक सॉकेट राहिलं तिथं आणखी काय राहिलं, हे पाहावंच.

क्लच पेडल नसलेल्या एएमटी गाड्यांना यातलं बरंच लागू नाही. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून त्या आल्या, आता आमच्या तालुक्यातही दिसतात. तिथं क्लच मशीन दाबतं, आणि नवी प्लेट टाकल्यावर ती कुठं पकडते हे कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली तर ती झटके देते किंवा गिअरच घेत नाही. गावातल्या मिस्त्रीकडं स्कॅनर नसेल, तर ते काम यवतमाळ, अमरावतीलाच करा.

मिस्त्रीकडं परत जाताना

"तू गाडी बिघडवली" असं म्हणून गेलात तर तो बॉक्सवरच येणार. "भाऊ, इंजिन बंद असल्यावर सारे गिअर पडतात, चालू केल्यावर रिव्हर्स बोलते, फ्री प्ले वीस मिलिमीटर हाये, आर्म पुरा सरकते" असं सांगा, म्हणजे बोलणं थेट बेल हाउसिंगवर येतं. गिअरच्या दांड्यावर त्याचा हात ठेवूनच पाच किलोमीटर फिरवा. जुना क्लच अजून त्याच्याकडं पडला असेल तर मागून घ्या. नव्या प्लेटचा व्यास आणि स्प्लाइनचे दाते त्याच्याशी जुळवून पाहता येतात.

बॉक्स उतरवायचं ठरलंच, तर तो दिवस गॅरेजवर काढा. जेवणाचा डबा सोबत न्या. बॉक्स खाली आला की हात लावण्याआधी प्लेट, फोर्क आणि डॉवेल पिना यांचे फोटो काढा, आणि परत चढवताना खाली जॅक लागला का तेवढं पाहा. माझी गाडी दाखवायला गेलो तेव्हा मिस्त्रीनं यू-क्लिप पाहिली, हसला आणि म्हणाला, "हे तं आमच्या पोऱ्यानं लावली होती." पैसे घेतले नाहीत. चहा मी पाजला, आणि त्या पोऱ्यानं पुढच्या गाडीच्या दोन्ही क्लिपा मला दाखवूनच बोनेट लावलं.